दुसऱ्यांच्या बागेत

बस सुटून अर्धा तास झाला तरी कुणी डबा उघडला नाही. कुणी गाणं धरलं नाही. आमच्या सोसायटीची सहल पुण्याबाहेर पडते तेव्हा कात्रजचा बोगदा येईस्तोवर चिवडा संपलेला असतो आणि भेंड्या ‘ळ’वर येऊन अडलेल्या असतात. इथे पस्तीस-चाळीस माणसं, बहुतेक सत्तरी ओलांडलेली, आपापल्या खिडकीतून बाहेरची भुरभुर बघत गप्प बसली होती. मध्येच एक गोल पत्र्याचा डबा हातोहात फिरत आला. आत पिठीसाखरेत घोळलेल्या लिंबाच्या गोळ्या. प्रत्येकानं एकेकच घेतली, आभार मानले, डबा पुढे सरकवला. माझ्या पिशवीतल्या तिखटमिठाच्या पुऱ्या मी तूर्त पायाशीच ठेवल्या.

केंटमधल्या ज्या गावात माझी लेक राहते, तिथल्या बागकाम मंडळाची ही उन्हाळी सहल. हे मंडळ महिन्यातून एकदा गावच्या हॉलमध्ये जमतं. कुणी डेलियावर बोलतं, कुणी गोगलगायींच्या बंदोबस्तावर. चहा-बिस्किटं होतात, सोडत निघते. जुलैत बस करून जुनी घरं आणि त्यांच्या बागा बघायला जायचं. लेकीच्या शेजारीणबाई ऐंशीच्या घरातल्या. त्यांनी कुंपणावरूनच मला आमंत्रण दिलं. त्यांचं सगळंच बोलणं कुंपणावरून चालतं. माझी लेक त्यांच्या स्वयंपाकघरात अजून एकदाही गेलेली नाही, पण त्यांच्या बागेतलं झाडन् झाड तिला ठाऊक आहे. आमच्याकडे बरोबर उलटं. अनोळखी माणसालाही ‘आत या, चहा घ्या’ म्हणू, पण गेटवर पाटी टांगलेली, ‘फुले तोडू नयेत, मालक वरून बघत आहेत’.

परक्यांना बागेत घेण्याची इथली चाल जुनी आहे. घरोघर जाऊन रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांसाठी निधी हवा होता म्हणून १९२७ साली नॅशनल गार्डन स्कीम निघाली. माणशी एक शिलिंग द्यायचा आणि एरवी बंद असलेल्या खाजगी बागेत फिरायचं. पहिल्याच वर्षी ६०९ बागा उघडल्या आणि आठ हजार पौंडांवर रक्कम जमली. योजना अजून चालू आहे. आमच्या बसमधल्या खजिनदारबाईंची स्वतःची बाग त्या यादीत आहे, हे मला तीन वेगवेगळ्या लोकांनी हळू आवाजात सांगितलं, कुणाला तरी पद्मश्री मिळाल्याचं सांगावं तसं.

रस्ता अरुंद आणि दोन्हीकडे उंच कुंपणझाडी. देशावरच्या पाणंदीतून एसटी न्यावी तसा आमचा ड्रायव्हर बस नेत होता. समोरून ट्रॅक्टर आला की कुणीतरी एकानं मागं जायचं, आणि कोण जाणार हे हॉर्न न वाजवता ठरायचं. झाडीतल्या फटीतून लाल विटांचे गोल बुरूज दिसत. वर निमुळतं छप्पर, टोकाला वाऱ्याबरोबर फिरणारी पांढरी लाकडी टोपी. या हॉप्स वाळवायच्या भट्ट्या. बिअरला कडवटपणा येतो तो या वेलीवरच्या बोंडांमुळे. यंत्रं येईपर्यंत दर सप्टेंबरात पूर्व लंडनमधली गरीब कुटुंबं पोराबाळांसकट तोडणीला इथे यायची आणि शेतावरच्या खोपट्यांत राहायची. बसमधल्या एका आजोबांची आई अशी येत असे. त्यांनी सांगितलेल्या तिच्या आठवणी साऱ्या सुट्टीच्या आणि मोकळ्या हवेच्या. बीडहून साखर कारखान्यांकडे निघालेल्या गाड्या ज्यानं पाहिल्यात त्याला हे पटकन पटत नाही. पण आईच्या आठवणीवर वाद काय घालायचा? आता या भट्ट्यांची महागडी घरं झालीत. गोल खोलीत चौकोनी कपाट कुठं ठेवतात, ते काही कळलं नाही.

बर्वॉश गावापाशी बस उतरणीला लागली आणि खाली झाडांत राखाडी-पिवळ्या वालुकाश्माचं, उंच धुराड्यांचं घर दिसलं. बेटमन्स. दरवाजावर १६३४ सालचा आकडा. रुडयार्ड किपलिंगनं हे १९०२ मध्ये घेतलं आणि १९३६ मध्ये मरेपर्यंत त्याचं घर हेच राहिलं.

किपलिंगविषयी माझ्या मनात अढी आहे आणि ती तशीच घेऊन मी आत शिरले. जालियनवाला बागेनंतर जनरल डायरसाठी इंग्लंडात जो निधी जमला, त्यात यानंही पैसे घातले. पण हाच माणूस १८६५ साली मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मला. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शिल्पं त्याच्या वडिलांची, आणि त्याच्या आठवणीतली पहिली सकाळ म्हणजे आयाचं बोट धरून बघितलेला मुंबईचा फळबाजार. आई-वडिलांशी इंग्रजीत बोल, असं त्याला नोकरांनी बजावून सांगावं लागे. मग सहाव्या वर्षी बहिणीसकट त्याला साउथसीच्या परक्या घरी पोचता केला आणि ते दोघं भाऊ-बहीण अनेक वर्षं तिथेच राहिले. एवढं वाचलं की अढी जात नाही, पण सैल होते.

प्रत्येक खोलीत एक निवृत्त स्वयंसेवक उभा असतो. आपण होऊन तो बोलत नाही. काही विचारलं की मात्र फुलतो. मी पुण्याची म्हटल्यावर अभ्यासिकेतले गृहस्थ एकदम म्हणाले, “मग हे तर तुमच्याकडचेच!” याला काय उत्तर द्यावं ते सुचेना, म्हणून मी खिडकीशी असलेल्या त्या लांबलचक टेबलाचं कौतुक केलं. जुन्या खुर्च्यांवर बसू नये यासाठी इथे पाटी नसते. बैठकीवर एक वाळकं काटेरी बोंड ठेवतात, एवढंच. बसणाऱ्यानं समजून घ्यायचं. हे मला फार आवडलं. पुण्यातल्या पाट्यालेखकांना हे माहीत झालं तर ते बोंडही ठेवतील आणि खाली चार ओळीही लिहितील.

बाग किपलिंगनं स्वतः आखली. १९०७ सालच्या नोबेलचे पैसे तळ्यात आणि गुलाबाच्या वाफ्यांत गेले. साहित्याच्या पारितोषिकाचा याहून चांगला विनियोग मला तरी माहीत नाही. तळं उथळ ठेवलं मुलांना डुंबता यावं म्हणून. पाहुण्यांच्या वहीत काही नावांपुढे किपलिंगच्या हातची तीन आद्याक्षरं आहेत. अर्थ इतकाच की हा पाहुणा तळ्यात पडला. खाली ओढ्यावर जुनी पाणचक्की आहे. तिथे त्यानं टर्बाइन बसवून घरात विजेचे दिवे आणले. सल्ला घेतला तो नाईलवरच्या अस्वान धरणाच्या अभियंत्याचा, विल्यम विलकॉक्सचा. त्याचाही जन्म हिंदुस्थानातला. दोन हिंदुस्थानात जन्मलेली माणसं ससेक्सच्या एका ओढ्यावर दहा-बारा दिव्यांचा खल करताहेत, हे चित्र मला अभ्यासिकेपेक्षा जास्त खरं वाटलं.

ज्या मुलासाठी तळं उथळ ठेवलं तो जॉन. डोळे अधू म्हणून सैन्यानं नाकारलेला. बापानं ओळखी वापरून त्याला आयरिश गार्ड्‌समध्ये घुसवलं, आणि १९१५ मध्ये लूसच्या लढाईत तो गेला. अठरा वर्षांचा. त्याचा देह बापाच्या हयातीत सापडला नाही. थोरली मुलगी त्याआधीच लहानपणी वारलेली. १९३९ मध्ये किपलिंगबाई गेल्या आणि मृत्युपत्राप्रमाणे घर नॅशनल ट्रस्टकडे आलं. आपण ज्याला सार्वजनिक वारसा म्हणतो, त्याच्या मुळाशी अनेकदा एक रिकामं घर असतं.

गुलाबाच्या वाफ्यांत एक माळीणबाई कात्री घेऊन ओसरलेली फुलं छाटत होत्या. बादली भरत आलेली. त्यातली निम्मी फुलं, खरं सांगते, आमच्याकडे फुलपुड्यात रोज येतात त्याहून टवटवीत होती. ती कुणाला देत नाहीत, केसांत माळत नाहीत, देवाला तर नाहीच. ती खताच्या ढिगात जातात. आमच्याकडे फुलाचं झाडावरचं आयुष्य सकाळी सहापर्यंत. मोगऱ्याला तर उमलूही देत नाही, कळीच गजऱ्यात जाते. इथे ते झाडावर जन्मतं, झाडावरच म्हातारं होतं आणि कोमेजल्यावर कापलं जातं. कुठलं मरण बरं, हे फुलालाच विचारायला हवं. पण बादलीकडे बघताना माझे हात शिवशिवत होते.

जेवण बाहेरच्या बाकांवर. प्रत्येकाचा आपला डबा, आपलं सँडविच, आपली फ्लास्क. देवाणघेवाण नाही. मी पुऱ्यांचा डबा मध्ये ठेवला तेव्हा क्षणभर कुणाला कळेना की तो आपल्यासाठी आहे. मग आजोबांनी एक घेतली, ओवा दाताखाली आल्यावर थांबले, आणि दुसरी घेतली. लिंबाच्या लोणच्याला मात्र खजिनदारबाईंशिवाय कुणी हात लावला नाही. त्या नाकावरचा घाम टिपत ‘अतिशय मनोरंजक’ म्हणाल्या.

तिथून नॉर्दियमचं ग्रेट डिक्स्टर. फाटकातून आत आल्यावर दोन्ही बाजूंना कमरेइतकं वाळत चाललेलं गवत, त्यातून जाणारी फरसबंद वाट, टोकाला कललेल्या ओसरीचं लाकडी घर. मंडळातल्या एक नव्या बाई कुजबुजल्या, “माणसं कमी पडत असतील.” तसं नव्हतं. गवत मुद्दाम राखतात. त्यात रानटी ऑर्किड फुलतात, त्यांचं बी पडून गेल्यावर उन्हाळ्याच्या शेवटी कापतात.

घरात तीन घरं आहेत. पंधराव्या शतकातला मूळ दिवाणखाना नथॅनियल लॉइड यांनी १९१० मध्ये घेतला. नऊ मैलांवर बेनेंडनला मोडकळीस आलेलं दुसरं जुनं घर ७५ पौंडांना घेऊन त्याची तुळई न् तुळई सुटी करून इथे आणली आणि जोडली. मधला सांधा नवा बांधला तो एडविन लटयन्स यांनी. ते लगेच पुढच्या काळात नवी दिल्ली आखायला गेले. राष्ट्रपती भवन बांधणाऱ्या माणसाचं हे ठेंगणं, कुरकुरणाऱ्या जिन्याचं काम पाहून मला त्यांच्याविषयी पहिल्यांदा आपुलकी वाटली. पुण्यातही असं एक घर हललंय. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष राजा केळकर संग्रहालयात नेऊन पुन्हा उभे केले. पण ते काचेपलीकडचं, बघण्यापुरतं. एरवी पेठांमधला वाडा पडतो तेव्हा त्याचे कोरीव खांब कुठल्याशा हॉटेलच्या दाराशी उभे राहतात आणि अंगणातला पारिजातक कुठंच जात नाही.

लॉइड यांचा धाकटा मुलगा क्रिस्टोफर १९२१ मध्ये याच घरात जन्मला आणि २००६ पर्यंत इथेच बाग करत राहिला. चाळीसहून अधिक वर्षं त्यानं ‘कंट्री लाइफ’मध्ये बागेवर सदर लिहिलं. खडूस, लाघवी, कुत्र्यांचा वेडा. अंगणातल्या खडीच्या नक्षीत त्याचे डॅशहंड अजून लोळत पडलेत. १९९३ मध्ये, बहात्तराव्या वर्षी, त्यानं लटयन्सची आखणी असलेली गुलाबाची बाग उपटून टाकली. इंग्लंडात गुलाब उपटणं म्हणजे गणपतीच्या मांडवात मोदक बंद करण्यासारखं. आणि त्या जागी लावली ‘परदेशी’ बाग. शेजारीणबाईंनी मला दंडाला धरून तिकडे नेलं, “तुम्हाला हे बघायलाच हवं, अद्‌भुत आहे.”

कुंपणाच्या कमानीतून आत वाकून गेले, तर समोर अळू.

अळू, त्यामागं केळी, बाजूला लाल-केशरी कर्दळ. मंडळ आदरानं उभं होतं. एकानं पानाचा फोटो काढला, मग स्वतःच्या हाताचा पंजा शेजारी धरून पुन्हा काढला. मला काही केल्या हसू आवरेना. आमच्याकडे हे न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढतं, हे मी सांगितलं. चिंच, गूळ, शेंगदाणे घालून केलेलं फतफतं सांगितलं, लग्नाच्या पंगतीत त्याला मान असतो हे सांगितलं, वड्या सांगितल्या. “पण हे खाल्लं की घसा सुजतो ना?” खजिनदारबाईंनी नेमकं विचारलं. म्हणूनच चिंच. त्यांनी वहीत लिहून घेतलं. मग मला कळलं की हिवाळ्यात इथल्या केळींना नेच्याच्या पानांचे थर गुंडाळून ऊब देतात आणि नाजूक झाडं काचघरात हलवतात. सत्यनारायणाला आम्ही केळीचे चार खुंट तोडून चौरंगाला बांधतो नि दुसऱ्या दिवशी फेकतो. माझं हसू थोडं ओसरलं.

क्रिस्टोफरनंतर मुख्य माळी फर्गस गॅरेट आणि एक न्यास मिळून हे चालवतात. मालक गेला त्या दिवशीची बाग जपून ठेवण्याचा हट्ट इथे दिसत नाही. वाफे बदलतात, जगभरातून शिकायला मुलंमुली येतात. बेटमन्समध्ये वाटलं होतं की कुणी नुकतंच टेबलावरून उठून गेलंय. इथे कुणी उठलेलंच नाही.

परतताना बसमध्ये सोडतीची बक्षिसं वाटली गेली. एक वाइनची बाटली, एक साबणाची वडी, एक टोमॅटोचं रोप. टोमॅटोचं रोप मिळालेल्या बाईंचा चेहरा वाइनवाल्यापेक्षा उजळ होता. शेजारीणबाईंनी रुमाल काढायला पर्स उघडली तेव्हा आतल्या प्लास्टिकच्या पिशवीत ओल्या टिश्यूत गुंडाळलेलं हिरवं काहीतरी मला दिसलं. त्यांनी माझं बघणं बघितलं. “पडलेलं होतं,” त्या म्हणाल्या. सदाशिव पेठेत पहाटे आकडी घेऊन निघणारे आजोबा पकडले गेले की हेच म्हणतात.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि आम्ही सिसिंगहर्स्टला गेलो. व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट आणि हॅरॉल्ड निकल्सन या नवरा-बायकोनं १९३० मध्ये हे घेतलं तेव्हा एलिझाबेथकालीन महालातून एक मनोरा आणि काही सुट्या इमारती उरल्या होत्या. अठराव्या शतकात इथे फ्रेंच युद्धकैदी कोंडलेले, पुढे गरिबांचं आश्रयगृह. बागेच्या रेषा नवऱ्याच्या, सरळ आणि काटेकोर. लागवड बायकोची, ओसंडणारी. मनोऱ्यावर चढून खाली पाहिलं की दोघांचं भांडण आणि संसार दोन्ही एकदम दिसतात. मनोऱ्यात व्हिटाची लिहायची खोली जाळीआडून बघायची. तिथे नवऱ्यामुलांनाही सहसा मज्जाव होता.

पण ही बाग झाली ती दुसऱ्या एका घरापायी. व्हिटा जन्मली ती सेव्हनओक्सजवळच्या नोलमध्ये, एका अवाढव्य घरात. ती एकुलती एक, पण मुलगी. वडील १९२८ मध्ये गेले आणि घर काकांकडे गेलं. ते दुःख तिनं आयुष्यभर बाळगलं. माहेर नुसतं तुटणं वेगळं आणि तिथून काही मैलांवर राहून ते दुसऱ्याचं झालेलं बघणं वेगळं. आमच्याकडे महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीनं हक्क १९९४ च्या दुरुस्तीनं मिळाला. त्याच्या आत लग्न झालेल्या आम्ही बहिणींनी हक्कसोडपत्रावर कशा सह्या केल्या, ते मी शेजारीणबाईंना मनोऱ्याच्या पायऱ्या उतरताना सांगितलं. “आणि बाग कुणाला गेली?” त्यांनी विचारलं. बिल्डरला, मी म्हटलं.

पांढरी बाग प्रसिद्ध आहे. फक्त पांढरी फुलं नि करडी-हिरवी पानं. मधल्या लोखंडी मांडवावर चढलेला पांढरा गुलाब नेमका भरात होता. व्हिटाला ही बाग संध्याकाळच्या अंधुक उजेडात, पांढरं घुबड वरून उडत जाताना बघायची होती. आता बाग सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्टच्या वेळा घुबडाला सोयीच्या नाहीत. दुपारच्या उन्हात ती थोडी इस्त्री केल्यासारखी वाटते. मोगरा, कुंद, अनंत, तगर, निशिगंध अशी आमची पांढरी फुलं वासासाठी लावतात. इथे मी मुद्दाम वाकून वाकून वास घेत फिरले, बाकीचे लेबलं वाचत फिरले. १९३८ पासून बाग लोकांना खुली झाली, एका शिलिंगात. येणाऱ्यांना व्हिटानं त्या शिलिंगावरूनच लाडकं नाव ठेवलं होतं आणि त्यांच्याशी ती आवडीनं बोले. १९५९ मध्ये पॅमेला श्वर्ट आणि सिबिल क्रॉइट्सबर्गर या दोघी मैत्रिणी माळीकामाला आल्या. व्हिटा तीनच वर्षांनी गेली. या दोघी १९९० पर्यंत होत्या. म्हणजे लोक व्हिटाची म्हणून जी बाग बघायला येतात, ती बरीचशी या दोघींची.

रोपांच्या विक्रीपाशी शेजारीणबाई बाकावर टेकल्या. दोन रोपांत ठरत नव्हतं. मी म्हटलं, दोन्ही घ्या. “लावू कुठं? घर पुढच्या वर्षी विकायचंय,” त्या सहज म्हणाल्या. वृद्धाश्रमाचा खर्च त्यातून निघेल. घेणारे बहुधा पुढची बाग काढून मोटारींसाठी खडी टाकतील, गल्लीत सगळीकडे तेच झालंय. मी काही बोलायच्या आत त्या बोटांवर मोजायला लागल्या. पिवळा गुलाब खजिनदारबाईंकडे दोन वर्षांपूर्वीच गेला आणि तिथे बरा आहे. जर्दाळू रंगाचा आयरिस आजोबांकडे, क्लेमॅटिस हॉलच्या मागच्या भिंतीवर. “ट्रस्ट काही माझं घर घेणार नाही. मंडळ कशाला असतं मग?” उरले होते फक्त डेलियाचे कंद, काळपट लाल, त्यांच्या सासूबाईंच्या वेळचे. ते लेकीच्या कुंपणाशी लागतील का, ऊन किती वेळ येतं, माती चिकण आहे का, असं त्यांनी बारीकसारीक विचारलं. कंद पहिलं दंव गोठून पानं काळी पडल्यावर काढायचे, वाळवायचे नि वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवायचे.

“ऑक्टोबर-नोव्हेंबरात आहात ना तुम्ही?”

मी म्हटलं, नाही, गणपतीच्या आत परत जायचंय.

“मग लेकीला कुदळ घेऊन पाठवा,” त्या म्हणाल्या, आणि शेवटी दोन्ही रोपं घेऊन बसकडे चालायला लागल्या.